एका जागेसाठी दोघं

वियाम धावतच कंपनीच्या परीक्षेच्या खोलीत शिरली आणि जी खुर्ची ओढून बसायला गेली, तिच्यावर नेमका एक तरुणही बसत होता. दोघंही अर्धवट वाकलेली… दोघंही थबकली.

"बसा तुम्ही," तो हसून म्हणाला. "खुर्ची तुमची. नोकरी मात्र मी सोडणार नाही हं!"

"खुर्चीपाठोपाठ नोकरीही घेईन मी," वियाम म्हणाली. तिच्या केसांतून पावसाचं पाणी टेबलावर टपकत होतं. त्यानं आपला रुमाल पुढे केला.

त्याचं नाव सुफियान. मेकनेस शहरातून आलेला. कासाब्लांकातल्या त्या कंपनीची तऱ्हाच न्यारी होती: प्रोग्रामरची जागा एक, शेवटच्या फेरीत उमेदवार दोन, आणि दोघांत मिळून संगणकही एकच. बिघडलेला एक प्रोग्राम तीन दिवसांत दुरुस्त करायचा, मग निवड. वियामला ही नोकरी हवीच होती. दोन वर्षं अर्ज करून ती थकली होती. यंदाही जमलं नाही, तर फ्रान्समध्ये मामाच्या बेकरीत उभं राहायचं, असं घरात ठरलं होतं.

प्रोग्राम एका दवाखान्याचा होता. रमजानच्या आधी सगळा देश घड्याळ तासभर मागे घेतो, ईद झाली की पुन्हा पुढे. त्या दिवसांत हा प्रोग्राम रुग्णांना भलत्याच वेळी बोलवायचा.

दोन दिवस नुसती भांडणं झाली.

"तू टाइप करतेस की कणीक मळतेस?"

"आणि तू नुसता बोलतोस! मेकनेसमध्ये कोणी ऐकून घेत नाही वाटतं?"

पण आपल्या दुपारच्या पोळीचा मध लावलेला अर्धा भाग तो न विचारता तिच्यापुढे ठेवायचा, आणि भांडता भांडता तीही तो खायची.

तिसऱ्या दिवशी वियाम एकदम हसत सुटली. "अरे, हे तर आमचे बाबा!"

"काय?"

"बाबा टॅक्सी चालवतात. गेल्या वर्षी ज्या तारखेला घड्याळ मागे घेतलं, त्याच तारखेला यंदाही घेतात आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खातात. रमजान चंद्रावर ठरतो, म्हणून दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो ना! या प्रोग्रामनंही गेल्या वर्षीची तारीख धरून ठेवलीय."

"छे! इतकी साधी चूक कोण करेल?" सुफियान दोन तास वाद घालत राहिला. शेवटी वियामनं तारीख बदलून दाखवली.

पडद्यावर चार हजार माणसांच्या वेळा भराभर जागेवर आल्या. वियामच्या अंगावर काटा आला. आकाशातला चंद्र, एवढा मोठा देश, आणि उपचाराला निघालेला कोणी म्हातारा… या सगळ्यांची गाठ तिच्या एका ओळीत पडली होती!

"काय गं तू…" सुफियान एवढंच म्हणाला. पडद्याकडे तो बघतच नव्हता.

कंपनीच्या प्रमुख लल्ला तुरिया, म्हणजे तुरियाबाई, आल्या. "चूक कोणी शोधली?"

"आम्ही दो—" वियाम सांगू लागली.

"हिनं," सुफियान मध्येच म्हणाला. "मी तर दोन तास हिला वेड्यात काढत होतो. जागा हिचीच आहे, लल्ला."

वियाम थक्क होऊन त्याच्याकडे बघत राहिली. असं माणूस असतं? स्वतःच्या हातानं ताट दुसऱ्यापुढे सारणारं, आणि वर हसणारं?

नेमणुकीचं पत्र हातात घेऊन ती धावली. तो ट्रामच्या थांब्यावर भिजत उभा होता.

"वेडा आहेस का तू? गप्प बसला असतास तर—"

"तर तुझ्याकडे मान वर करून बघता आलं नसतं." त्यानं कपाळावरचे ओले केस मागे सारले. "आणि मला… बघत राहायचंय, वियाम."

ट्राम आली. दोघंही चढली नाहीत. ट्राम निघून गेली.

"रविवारी आमच्या घरी ये," ती हळूच म्हणाली.

"येताना काय आणू?"

"साखरेचा सुळका."

सुफियानचे कान लाल झाले. त्यांच्याकडे साखरेचा सुळका, म्हणजे शंकूसारखी साखरेची ढेप, घेऊन तरुण मुलगा मुलीच्या घरी जातो, तो मागणी घालायलाच.

"अगं, पण… मला तर नोकरी नाही!"

"मला आहे ना," वियाम म्हणाली.