आठवे पुडके

"प्रसूतीच्या वेळी सदर स्त्री घरात एकटीच होती. अन्य व्यक्ती उपस्थित असल्याचा कोणताही पुरावा आढळून आला नाही."

चौकशी समितीच्या अहवालातील हे वाक्य. पान चौथे, परिच्छेद दुसरा.

वाक्य सुबक आहे. त्याला खोटे म्हणवत नाही, कारण खोटे बोलायलाही आधी काहीतरी पाहावे लागते. समितीने तेवढी तसदी घेतली नाही.

पुढे लिहिले आहे ते माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडले. भर दुपारी. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. त्यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

ती पुस्तक-बांधणीच्या कारखान्यात काम करते. नवरा जहाजावर. आठवड्यातून एकदा फोन, तोही निम्मा तुटका. शेजारचे घर वर्षभर बंद. सातव्या महिन्यापासून ती रजेवर, घरीच; दिवसभराचे संभाषण म्हणजे खालच्या दुकानदाराशी बोललेली दोन वाक्ये.

बाळंतपण घरीच करायचे ठरले होते. सुईणबाई अनुभवी होत्या, नोंदणीकृत होत्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा धापा टाकत म्हणाल्या, "चौथा मजला! बाळाला सांग, जरा खालच्या मजल्यावर ये म्हणावं."

मग त्यांनी स्वयंपाकघरातच बसून यादी लिहून दिली. जुन्या चादरी उकळून, वाळवून, इस्त्री करायच्या. खाकी कागदात गुंडाळून मंद ओव्हनमध्ये शेकायच्या. पुडकी थंड झाली की बांधायची, वर आकडा आणि तारीख घालायची.

"सात पुडकी. एकदा बांधलीस की हात लावायचा नाही. ती माझ्यासमोरच उघडायची. पुस्तकं बांधतेस ना? हेही तसंच. फक्त याची आवृत्ती एकच निघते."

"अंथरूण आतल्या खोलीत घालणार आहे. बघता का?"

सुईणबाई उठल्या. उंबऱ्यापर्यंत गेल्या...

आणि तिथूनच परतल्या. "ठीक आहे. खोली ठाऊक आहे मला."

मावसबहिणीने चार दिवस खपून सात पुडकी केली आणि कपाटात ठेवली. कोपरे पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखे काटकोनात, दोरा पांढरा, मेण लावलेला, बांधणीचाच. घरात दुसरा दोरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कपाट उघडले.

पुडकी... आठ होती.

आठव्याचा कागद पिवळा पडलेला. घड्या परक्या हाताच्या. दोरा लाल.

तिने फोन लावला. "बाई, तुम्ही एक जास्तीचं ठेवून गेलात का?"

"मी कशाला ठेवू? कसं आहे ते?"

"जुनं आहे. लाल दोऱ्याचं."

 

"असू दे तिथेच," सुईणबाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

त्यानंतर रोज दुपारी आतल्या खोलीत चादर झटकल्याचा आवाज येऊ लागला. एकदा. थांबून पुन्हा एकदा.

ती आत जाई. खोली रिकामी. इस्त्री गार.

एके दिवशी स्वयंपाकघरातली खुर्ची पलंगाशेजारी ओढून ठेवलेली दिसली. तिने ती जागेवर ठेवली. दुसऱ्या दुपारी... खुर्ची पुन्हा पलंगाशेजारी.

तिसऱ्या दिवशी तिने ती हलवली नाही.

तिची बोबडी वळायला हवी होती. पण माणूस किती एकटे पडले की खुर्चीशी बोलू लागते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने तिला हसू नये. "आज घरकाम लवकर आटपलं," ती आत येऊन म्हणायची. "पाय फार सुजलेत गं."

उत्तर येत नसे. चादर झटकल्याचा आवाज मात्र थांबत असे. कोणीतरी ऐकायला थांबावे तसा.

कळा तीन आठवडे आधीच सुरू झाल्या. दुपारचे दोन.

"निघालेच," सुईणबाई फोनवर म्हणाल्या. "अर्ध्या तासात पोचते. कडी काढून ठेव."

कडी काढायला ती उठू शकली नाही. अर्धा तास गेला. तास गेला. भिंतीकडे तोंड करून, गुडघे आणि तळहात टेकून ती गुरासारखी ओरडत होती. ओरडणे ऐकायला त्या मजल्यावर कोणीही नव्हते.

मग दारावर थाप पडली.

आणि... आतली कडी निघाल्याचा आवाज आला.

दाराशी काहीतरी हळू बोलणे झाले. दार लागले. पावले आत आली.

"आलात?" ती रडत म्हणाली.

पाठीवर हात टेकला. गार, पण स्थिर. "श्वास सोड. घाई नाही. मी आहे."

तो आवाज सुईणबाईंचा नव्हता. हे तिला नंतर उमगले.

साडेपाचला मुलगी झाली. तिने मान वळवली तेव्हा बाळ जुन्या मऊ चादरीत गुंडाळलेले होते, नाळ बांधलेली होती. खोलीत कोणी नव्हते. कडी आतून लावलेली होती.

सात पुडकी कपाटात, बंद. पिवळा कागद तेवढा जमिनीवर.

नाळेला लाल दोरा होता.

सुईणबाई आल्याच नाहीत अशी नवऱ्याने तक्रार केली, त्यांच्यावर चौकशी बसली. समिती म्हणते, आईने "घरातील उपलब्ध साहित्य" वापरले. घरातील सातही पुडकी बंदच्या बंद समितीच्याच टेबलावर होती. लाल दोऱ्याबद्दल अहवाल मौन पाळतो. आवाजाबद्दल दोन शब्द खर्च करतो: "वेदनाजन्य भ्रम".

मावसबहिणीने एकच मागणी केली होती. "मी एकटी नव्हते. एवढं लिहा, साहेब."

"नाव सांगा बाई, लिहितो," कारकून म्हणाला.

नाव तिला ठाऊक नव्हते. म्हणून कागदावर ती एकटी राहिली.

ती अजून तिथेच राहते. पलंगाशेजारच्या खुर्चीवर ती कोणाला बसू देत नाही. गेल्या खेपेला मी सवयीने टेकणार होतो. तिने माझा दंड धरला... आणि खुर्ची किंचित मागे सरकली. मी पाहिले. त्यानंतर मी त्या घरी गेलेलो नाही.

सुईणबाईंचा जबाब अहवालाच्या शेवटी जोडलेला आहे. तो कोणी वाचल्याची खूण नाही. मी शब्दशः उतरवतो:

"मी पोचले होते. अकरा वर्षांपूर्वी त्याच खोलीत एक बाई होती. तीही एकटीच. सात पुडकी सांगितली, तिने लाल दोऱ्याची आठ केली. म्हणाली, असू दे एक जास्तीचं, कोणाला तरी लागेल. तिने फोन केला तेव्हा मी घरीच होते. थकले होते, चार जिने नको झाले. गेले नाही. तुमच्या आधीच्या साहेबांना खोटंच सांगितलं, की निरोप मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी दार तोडलं, तेव्हा ती गेलेली, बाळही गेलेलं. सात पुडकी होती, आठवं सापडलं नाही. या पोरीकडे तरी जायचंच, म्हणून मी हे काम घेतलं. वाटेत पाय उचलेनात, तरी गेले. दार वाजवलं. दार तिने उघडलं. त्या पहिल्या बाईने. मला ओळखलं. रागावली नाही. म्हणाली, 'उशीर झाला तुम्हाला. आता मी आहे.' दार लावून घेतलं. मी जिना उतरले."