निळ्या पडलेल्या पेशी

"आधी माफी माग, मगच कात्री लाव."

खामसेनकाका मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. आमच्या मत्स्यकेंद्रातल्या बुक माशांना, मेकाँग नदीतल्या त्या महाकाय माशांना, त्यांनी तीस वर्षं खाऊ घातलं. कुणालाही हात लावण्याआधी केळीच्या पानात फुलं, एक मेणबत्ती, माफीचे दोन शब्द... मेलेल्या माशालासुद्धा.

हे माझ्याच बाबतीत घडलं. मी रोज पंचशील घेते, खोटं बोलणार नाही.

थायलंडमधलं, मेकाँगकाठचं चियांग खोंग. वैशाखी पौर्णिमेची दुपार.

आमचा शेवटचा नर बुक सकाळी गेला. माणसाहून लांब मासा. त्याच्या बीजपेशी संध्याकाळपर्यंत जिवंत निघाल्या तरच वंश टिकणार होता. नाहीतर संपलं.

मी फुलं आणायला वळले.

"चान, फुलं कशाला? त्याचं लग्न लावायचंय?" आमचे केंद्रप्रमुख प्रासोंग सर ओरडले. "कात्री घे!"

मी घेतली.

त्याच्या वृषणाची ऊती बर्फावर बारीक चिरली. पाचक द्रवात ढवळली, जाळीतून गाळली. थेंबात निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मेलेली पेशी निळी पडते, जिवंत पेशी रंग घेत नाही.

सगळ्या निळ्या.

दुसरा तुकडा. निळ्या.

तिसरा... निळ्याच.

आणि मागून आवाज आला.

थप्प...

पाण्यावर शेपूट आपटावी तसा. मागे त्याचीच टाकी होती. सकाळीच उपसलेली.

कोरडी.

"सर, ऐकलंत?"

"काय ऐकायचंय? एकच तुकडा उरलाय, बाई. तिकडे लक्ष दे."

थप्प...

मी तिथेच गुडघे टेकले. "बाबा, चुकले मी. तुझं एक पिल्लू माझ्या हातानं नदीत सोडीन. पण आता असा जाऊ नकोस रे!"

आवाज थांबला.

शेवटचा तुकडा... गोल, स्वच्छ पेशी. एकही निळी नाही.

सर लहान मुलासारखे रडले.

त्या पेशी आम्ही साध्या मांगूर माशांच्या पोटात सोडल्या; तिथे वाढून त्यांची बुकचीच अंडी आणि शुक्राणू होतात. चार वर्षांनी त्या मांगुरांपासून बुकची पिल्लं निपजली. गेल्या महिन्यात रोग आला. एक सोडून सगळी गेली.

"याला कुणी हात लावायचा नाही," सर म्हणाले. "आपलं आता एवढंच आहे."

काल दुपारपासून त्याच्या त्या कोरड्या टाकीत पुन्हा...

थप्प.

आज सकाळी पंचशील घेतलं. 'न दिलेलं घेणार नाही' ही एक ओळ तोंडातून निघाली नाही.

बादलीत वीतभर पाणी आणि बोटाएवढं पिल्लू आहे. तरी ती दोन्ही हातांनी उचलावी लागते आहे...

नदीच्या पायऱ्या फार लांब नाहीत. निघते.