सवाष्णीचा चौक

रविवार, १ डिसेंबर. सकाळचे सहा पन्नास.

कडावजवळच्या कालव्याच्या पायऱ्यांवर एका बाईचे प्रेत पालथे पडले होते. डोके आणि छाती पाण्यात, पाय पायऱ्यांवर. डावा हात पाण्याबरोबर हलत होता. उजवा हात वरच्या कोरड्या पायरीवर होता.

डेअरीवर दूध घालायला निघालेल्या नंदाने ते पाहिले आणि किटली तिथेच ठेवून फोन केला. सव्वासातला सहायक पोलीस निरीक्षक भाग्यश्री मोकल पोहोचल्या.

"ओळखतेस?"

"ही ठमी हाय, मॅडम. उंबराच्या वाडीची. ती चित्रवाली. पेपरात फोटू आलेला ना, तीच."

ठमी, वय अंदाजे पन्नास. डोंगरातल्या ठाकरवाडीत लग्नाचा चौक भिंतीवर लिहिणारी बाई. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, काडीच्या टोकाने. सप्टेंबरमध्ये गंधार आणि अंतरा सबनीस या जोडप्याच्या कलासंस्थेने तिला तीन महिन्यांसाठी मुंबईला नेले होते. संग्रहालये बघायची, चित्रदालने बघायची, नाटके बघायची, लोकांसमोर चौक लिहून दाखवायचा. काल संध्याकाळी ते तिला परत घेऊन आले होते. मुक्काम कडावच्या बंगल्यात. तिथून कालवा चालत पाच मिनिटे.

साडेनऊला डॉक्टरांचा फोन आला.

"बुडून मृत्यू. वेळ पाच ते सहाच्या दरम्यान. मानेमागे दाबल्याच्या खुणा आहेत. आणि एक विचित्र गोष्ट. उजव्या अंगठ्याच्या रेघांमध्ये जांभळी शाई आहे. पुसायचा प्रयत्न झालाय."

"हातात काही?"

"काही नाही. काकणसुद्धा नाही."

*

खालापूरला, टोलनाक्यापासून जवळ, संस्थेचे नवे दालन त्या दिवशी अकराला उघडणार होते. मुंबईचे पाहुणे एक्स्प्रेस-वेवरून थेट उतरणार होते. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. फुलेही आली होती.

बातमी ऐकून गंधार सबनीस खुर्चीत बसला. चाळिशीचा, भिसेगावातल्या जुन्या डॉक्टर घराण्यातला.

"काल रात्री कुठे होतात?"

"आईकडे, भिसेगावला. खुर्च्यांचा टेंपो पहाटे चारला तिथून भरायचा होता. टेंपोबरोबरच इथे आलो. हमाल आहेत, विचारा."

"ठमीबाईंना शेवटचं कधी पाहिलंत?"

"काल सहाला. अंतराबरोबर बंगल्यावर उतरल्या. गप्प होत्या. थकल्या असतील म्हटलं."

"नवरा गेल्याचं दुःख असेल."

गंधारने मान वर केली. "कोणाचा नवरा?"

"लडकू. मुलीने मघाशी फोनवर सांगितलं. वीस तारखेला ताप आला, एकवीसला गेला. तुम्हाला माहीत नाही?"

"मला कोणी..." त्याने दाराकडे पाहिले. दारात अंतरा उभी होती. पांढरी साडी, केस नीट बांधलेले. कलामहाविद्यालयात शिकलेली चित्रकार, हे दालनाच्या माहितीपत्रकातच लिहिले होते.

भाग्यश्रींनी दालन फिरून पाहिले. एका भिंतीवर शहरवासाचे फोटो तारखांसह लावलेले होते. ३ सप्टेंबर: ठमी एका मोठ्या तैलचित्रासमोर, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, तोंडावर पदर धरून हसते आहे. १९ ऑक्टोबर: नाटकाच्या तालमीत पहिल्या रांगेत. २२ नोव्हेंबर: संग्रहालयात काचेची पेटी, आत सूप, विळा, बांबूची कणगी. ठमीने उघडा पंजा काचेवर टेकवला आहे. काचेत तिचा हात मनगटापासून कोपरापर्यंत स्वच्छ उमटला आहे.

समोरच्या भिंतीवर सहा फुटी कापडावर चौक. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघा, मधोमध देवी. खाली चौकटीत प्रमाणपत्र: 'हा चौक मी माझ्या हाताने काढला आहे. दि. २५ नोव्हेंबर.' त्याखाली जांभळा अंगठा. कागदाचा एक कोपरा सुरकुतलेला होता, भिजून वाळल्यासारखा.

"हे कधी लावलं?"

"आज सकाळीच," गंधार म्हणाला. "कालपर्यंत नुसती रिकामी फ्रेम होती. मुंबईच्या संग्रहालयाने हा चौक कायमच्या संग्रहात नोंदवलाय, आज ताब्यात घेणार होते. त्यांची अटच आहे, ताबा घेताना कलावंताची खूण हवी. अंतराने येताना आणलं."

अंतरा पुढे आली.

"निधनाचा फोन कोणाला आला?"

"मला. त्यांच्या मुलीचा. ठमीताईंकडे फोन नव्हता."

"मग त्यांना कधी सांगितलंत?"

"काल गाडीत." तिचा आवाज स्थिर होता. "लवकर सांगितलं असतं तर काम थांबलं असतं. निर्णय कठोर होता, मान्य आहे. पण पंचवीसला त्यांनी शांतपणे चौक पूर्ण केला. बघा, किती प्रसन्न आहे."

"मुलीला काय सांगितलंत?"

"की आई कामात आहे."

"तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा फोन केला."

"तेव्हाही त्या कामातच होत्या."

"आज सकाळी?"

"मी साडेसहाला उठले. त्या खोलीत नव्हत्या. घराकडे निघाल्या असतील, अंधारात पाय घसरला असेल. ड्रायव्हरला विचारा. नवनाथ काल रात्रीपासून गायब आहे."

*

दुपारी ठमीची मुलगी जना ठाण्यात आली. पंचवीसची, पायात स्लिपर, हाताला वीटभट्टीची माती. ती बसली नाही.

"मॅडम, तो चौक आईनं लिवला का?"

"जना, आधी तुझ्या आईला कोणी मारलं ते..."

"ते तुमी बघा. मला यवढंच सांगा. लिवला का नाय?"

"त्याने काय होतं?"

"आमच्या वाडीत चौक सवाष्णीनं लिवायचा. नवरा गेला का बाई चौकाला हात नाय लावत. आईला कळलं असंल आनि तरी तिनं लिवला असंल, तर बाट लागला. तिच्या हाताला आनि तिनं शिकवलेल्या हातालाबी." तिने स्वतःचे हात पाहिले. "चिंधी म्हातारी काल बोलली, वाडीत चौकाचं तीच ठरवते. त्या बाईनी पेपरात छापून आनलं, पंचवीस तारखेचा चौक. आता जनाला कुनी लग्नाला बोलवू नका, म्हनली."

"तुझ्या आईला कळलं नसेल तर?"

"तर दोष नाय. पन कळलं नाय, हे कोन सांगल? आई तर बोलायची नाय आता."

भाग्यश्रींनी वहीत लिहिले: 'कळले कधी?' आणि त्याखाली रेघ ओढली.

*

नवनाथ सोमवारी सकाळी खोपोलीला बहिणीच्या घरी सापडला. कॉन्स्टेबलने दार वाजवताच तो मागच्या बाजूने निघाला आणि म्हशीच्या गोठ्यात अडकला.

"पळालास का?"

"भीती वाटली, मॅडम."

"कसली?"

"मीच सांगितलं होतं तिला."

"काय सांगितलंस?"

"एकवीसला जनाचा फोन आला तवा आमी गाडीत होतो. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला. सगळं ऐकलं मी. अंतरा मॅडम म्हनल्या, नवनाथ, यातलं एक अक्षर तिच्या कानावर जाता कामा नये. तिला पुढच्या सिग्नलला घ्यायची होती, प्रदर्शनातून. आली, मागं बसली, मला म्हनते, नवनाथ, आज वाघाचं चित्र बघितलं, जित्ता वाटत होता. माझ्यानं नाय राहवलं. रात्री जेवताना सांगून टाकलं."

"मग?"

"रडली नाय. मोरीत जाऊन बांगड्या फोडल्या. मॅडमला म्हनली, मला वाडीला सोड. मॅडम म्हनल्या, उद्या संग्रहालयात पाहुणे येनार, तेवढं कर, मग सोडते. उद्याचे नऊ दिवस झाले."

"आणि शनिवारी?"

"बंगल्यावर सोडलं, चावी टेबलावर ठेवली आनि निघालो. तिला परत तोंड दाखवायची मला लाज वाटली."

*

मंगळवारी अकराला भाग्यश्रींनी दोघा सबनीसांना, नवनाथला आणि जनाला खालापूरच्या दालनात बोलावले. दालन बंदच होते. चौक भिंतीवर होता. हमालांचे आणि टेंपोवाल्याचे जबाब झाले होते. गंधार पहाटे चार ते सात टेंपोबरोबरच होता.

"मॅडम," भाग्यश्री अंतराला म्हणाल्या, "तुम्ही म्हणता, ठमीबाईंना शनिवारी कळलं. तोपर्यंत त्या स्वतःला सवाष्णच समजत होत्या. मग बावीस तारखेच्या या फोटोत त्यांच्या हातात बांगड्या का नाहीत?"

अंतराने फोटोकडे पाहिले नाही.

"पहिल्या फोटोत कोपरापर्यंत आहेत. बावीसला एकही नाही. तुमच्याच संस्थेने छापलेला फोटो, तुमचीच तारीख. ठमीबाईंना एकवीसलाच कळलं होतं. नवनाथचा शब्द खोटा म्हणालात, तरी काच खोटं बोलत नाही. आणि ज्या बाईने बांगड्या फोडल्या, ती चार दिवसांनी चौक लिहिणार नाही. हा चौक तिचा नाही."

जना चौकाजवळ जाऊन रेघा बघू लागली.

"मग कोणाचा?" गंधारने विचारले. पण तो बायकोकडेच बघत होता.

"तीन महिने शेजारी बसून जिने तिचं काम पाहिलं, जिला चित्र काढता येतं, तिचा. मुंबईच्या संग्रहालयाला चौक हवा होता. ठमीबाई लिहीत नव्हत्या. मॅडमनी लिहिला. उरला फक्त अंगठा. तो त्या देत नव्हत्या. शनिवारपर्यंत फ्रेम रिकामी होती, हे तुम्हीच सांगितलंत, सबनीस साहेब. कागदावर तारीख पंचवीस असली, तरी अंगठा रविवारी पहाटेचा आहे."

"कशावरून?" अंतराने पहिल्यांदा विचारले.

"पंचवीसला लावलेली शाई पाच-सहा दिवस हात धुऊन, भांडी घासून अंगठ्यावर राहत नाही. आणि बुडण्याआधी लावलेली असती, तर पाण्याने गेली असती. ती राहिली, कारण बुडाल्यानंतर लावली. म्हणून हात कोरड्या पायरीवर होता. कोणीतरी तो उचलून, पुसून, कागदावर दाबला होता. कागदाचा कोपरा ओल्या हाताने सुरकुतला. ठमीबाई पहाटे वाडीकडे चालू लागल्या. पाहुण्यांसमोर खरं सांगेन, असं त्या म्हणाल्या असणार. तुम्ही मागून गेलात. शाईचा पॅड आणि कागद पर्समध्ये घेऊन गेलात, मॅडम. रागाच्या भरात माणूस शाईचा पॅड सोबत नेत नाही."

बाहेर एसटी थांबली आणि गेली.

"मुंबईत लोक या चौकासमोर उभे राहून रडले," अंतरा म्हणाली. "दोन समीक्षक. माझ्या चित्रांसमोर वीस वर्षांत कोणी थांबलंसुद्धा नाही. नाव तिचं होतं म्हणून रडले. रेघ माझी होती." ती जनाकडे वळली. "तुझ्या आईपेक्षा सरळ."

"सरळ हाय," जना म्हणाली. "आई सरळ नाय लिवायची. सरळ रेघंवर देव बसत नाय, म्हनायची."

अंतराला पावणेबाराला ताब्यात घेण्यात आले. बंगल्यातून शाईचा पॅड मिळाला. मोरीच्या जाळीत काही नव्हते. बांगड्या मुंबईत फुटल्या होत्या. अंगठा घेतला तेव्हा ठमीचा श्वास पूर्ण थांबला होता का, हे डॉक्टर खात्रीने सांगू शकले नाहीत.

*

गुरुवारी भाग्यश्री जनाबरोबर उंबराच्या वाडीवर गेल्या. चिंधी म्हातारी ओट्यावर बसून वाल निवडत होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"मंजे ठमीनं नाय लिवला."

"नाही. मी लिहून देते."

"तुमी देल. आमाला कुठं वाचता येतं? पोरांना येतं. पोरं मोबाइलवर त्या म्युझियमचं पान दाखवतात. त्यावर अजून ठमीचं नाव हाय. ते काढा, मंग बघू."

"काढतील, आजी."

"काढतील तवा काढतील. रविवारी नवरी उभी राहनार हाय, बाई."

भाग्यश्रींनी त्याच दुपारी संग्रहालयाला पत्र पाठवले. शुक्रवारी उत्तर आले. कलाकृतीची नोंद झालेली आहे, कलावंताच्या नावात बदल करायचा तर न्यायालयाचा आदेश लागेल, तोपर्यंत नोंद आहे तशीच राहील, असे त्यात होते. शेवटी ठमीताईंच्या कुटुंबीयांप्रति सहवेदना व्यक्त केली होती.

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता वाडीत लग्नघराची भिंत शेणाने सारवून गेरूने रंगवली गेली. जनाला बोलावणे आलेले नव्हते.