वाटीतलं पाणी

गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐकून घ्यायचं, मान हलवायची आणि विसरून जायचं. गाडीला काय झालंय ते गाडीलाच विचारायचं. मिस्त्रीला हे काकांनी शिकवलं होतं. पाना कसा धरावा इथपासून ते प्लगच्या टोकावरच्या काजळीवरून इंजिनची तब्येत कशी ओळखावी इथपर्यंत त्याला जे काही येत होतं, ते सगळं काकांचं देणं. गल्लीत काकांना सगळे वस्ताद म्हणत. आता गुडघे गेल्यामुळे वस्ताद घरी, पुढच्या खोलीत खिडकीशी बसून असत आणि गॅरेज मिस्त्री एकटाच सांभाळी. जुन्या मोटारसायकली त्याच्याकडे लांबलांबून येत. नव्या गाड्यांचं त्याला फारसं प्रेम नव्हतं.

बापाबद्दल त्याला आठवे ते फार थोडं. पेट्रोलचा वास येणारा शर्ट, आणि टाकीवर पुढे बसवून मारलेल्या चकरा. मिस्त्री लहान असतानाच बाप मोटारसायकलला किक मारून घरातून गेला तो गेलाच. त्याला शेवटचं पाहिलं ते काकांनी. मोठ्या रस्त्याच्या फाट्यापर्यंत ते त्याच्यामागे धावत गेले होते म्हणे. "मागे वळूनसुद्धा बघितलं नाही रे त्याने," काका सांगत. पोर रात्री रडायला लागलं की ते त्याला कुशीत घेत, पाठीवरून हात फिरवत आणि एवढंच सांगत. हळूहळू पोराने रडणं सोडलं, मग विचारणंही सोडलं. आईने तर नवऱ्याचं नाव टाकलं ते टाकलंच. दीर आणि भावजय, मधे एक पोरगा, असं ते घर नेटाने उभं राहिलं. आई अजूनही आधी भाऊजींचं ताट वाढी, मग स्वतःचं.

एका सकाळी मिस्त्री कुणाच्या तरी गाडीसाठी जुना सायलेन्सर शोधायला भंगारवाल्याकडे गेला. तिथे पत्र्यांच्या ढिगामागे एक मोटारसायकल भिंतीला टेकून उभी होती. टायर सपाट, सीट फाटलेली, टाकीचा रंग उडून गेलेला. नंबराची पाटी मात्र वाचता येत होती. मिस्त्रीचं डोकं चालायच्या आधी त्याचं तोंड चाललं. त्याने तो नंबर मोठ्याने म्हटला. बापाने तो त्याच्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतला होता.

कुठून आली, म्हणून विचारलं तर भंगारवाल्याने खांदे उडवले. सकाळी फाटक उघडलं तेव्हा इथे उभी होती. टाकून गेलं असेल कुणीतरी. वर तो हसून म्हणाला, "माझ्याहून म्हातारी आहे, पण गुडघे माझ्याहून बरे दिसतात. घेऊन जा."

गाडी टेम्पोत दोरीने बांधून परत येताना मिस्त्री बापाचा हिशोब मांडत होता. म्हणजे बाप कुठेतरी मजेत जगला. गाडी जुनी झाली तशी ती विकली, आणि ती हातोहात फिरत इथे येऊन पडली. बायकोपोराला टाकलं तसंच हिलाही टाकलं. घरी बोलायचं नाही, हे त्याने वाटेतच ठरवलं. आईच्या जखमेवरची खपली कशाला काढा? गाडी चालू करायची आणि पहिलं गिऱ्हाईक येईल त्याच्या गळ्यात मारायची.

इंजिन अडकलेलं असेल असं त्याला वाटलं होतं. पण किक खाली जाताच ते असं मोकळं फिरलं, जसं काही कालच कुणी तेल घातलंय. ठिणगी होती. त्याने टाकी गंज काढून धुतली, टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकची जाळी बदलली, पेट्रोलची नळी नवी लावली, कार्बोरेटर उघडून जेटची बारीक भोकं फुंकून साफ केली आणि ताजं पेट्रोल भरलं. दुसऱ्याच किकला गाडी सुरू झाली. थोडा वेळ छान चालली, मग अडखळली, कार्बोरेटर शिंकल्यासारखा फटकन वाजला आणि बंद पडली.

अशा वेळी आधी कार्बोरेटरच्या तळाची वाटी बघायची. टाकीतून आलेलं पेट्रोल तिथे साठतं आणि तिथूनच जेटमधून इंजिनात ओढलं जातं. पेट्रोलमध्ये पाणी आलं असेल तर ते जड असल्यामुळे वाटीच्या तळाशी मण्यांसारखं बसतं. मिस्त्रीने वाटीखालचा स्क्रू सैल केला आणि हाताचा पसा पुढे धरला.

पाण्याचे मणी नव्हते. सगळं पाणीच होतं. आणि भर उन्हाळ्याच्या दुपारी ते बोटं कळवळतील इतकं गार होतं.

टाकीत राहिलं असेल, असं म्हणून त्याने टाकी पुन्हा रिकामी केली. निघालं ते स्वच्छ पेट्रोल. त्याने नळी काढून पारदर्शक नळी लावली आणि तिच्यावर डोळा ठेवून गाडी सुरू केली. नळीतून पेट्रोलच उतरत होतं. गाडी बंद पडली, वाटी उघडली, पाणी. मग त्याने टाकी बाजूलाच ठेवली आणि गॅरेजवाले करतात तशी वरच्या खिळ्याला पेट्रोलची बाटली टांगून तिच्यातून नळी दिली. बाटलीत पेट्रोल. वाटीत पाणी. आता उरला कार्बोरेटर. तो त्याने काढून एका गिऱ्हाइकाच्या गाडीला लावला, तर ती गाडी दिवसभर तक्रार न करता चालली. त्या गाडीचा चांगला कार्बोरेटर इकडे बसवला, आणि चहा संपायच्या आत त्याच्याही वाटीत पाणी.

मिस्त्री स्टुलावर बसून राहिला. एकेक शक्यता खोडत जायचं आणि शेवटी उरेल तो बिघाड, हीच त्याची आजवरची रीत. आता खोडायला काहीच उरलं नव्हतं आणि बिघाड तसाच समोर होता.

ते पाणी त्याने काचेच्या बरणीत साठवायला सुरुवात केली. सकाळी बघावं तर तळाशी पांढुरका गाळ बसलेला असे, पिठासारखा मऊ. शेजारचा वेल्डर काहीतरी मागायला आला तेव्हा त्याची नजर बरणीवर गेली. त्याने गाळ बोटांत चोळून पाहिला आणि सहज सांगितलं की ही तर गावाबाहेरच्या खाणीतल्या दगडाची भुकटी. त्याचे वडील खाणकामगार होते, त्यांच्या कपड्यांतून ती जन्मभर झडत असे. खाण बंद पडून, पाण्याने भरूनसुद्धा जमाना झाला, असंही तो म्हणाला. मग मागायला आलेली वस्तू विसरून तसाच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने गाडी रस्त्यावर काढली. बाजाराकडे वळवली की ती कोपऱ्याच्या आत मान टाकी. उलट दिशेला, गावाबाहेर तोंड केलं की एका किकमध्ये सुरू. त्याने पुन्हापुन्हा करून पाहिलं. शेवटी तो तिच्यावर बसला आणि तिला जायचं तिकडे जाऊ दिलं. घरं संपली, गोदामं संपली. एवढं गोड चालणारं इंजिन त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. मधेच त्याने खाली हात घालून पेट्रोलचा कॉक बंद केला. वाटीत साठलेल्या थेंबांवर गाडी पुढच्या वळणापर्यंत जावी, फार तर त्याच्या पुढच्या. ती जातच राहिली.

खाणीच्या काठाशी ती आपोआप थांबली. आचके न देता, कुणी चावी फिरवल्यासारखी.

खाली पाणी होतं. हिरवट, सपाट, पाखरूही न फिरकलेलं. काठाच्या दगडावर पांढरी भुकटी होती. मिस्त्रीने ती बोटांत चोळून पाहिली. बरणीतल्या गाळासारखीच मऊ होती. मग गाडी ढकलत गावापर्यंत आणून त्याने ती गॅरेजात उभी केली, शटर ओढलं आणि घरी आला.

काका खिडकीशी बसले होते. आई आतल्या दारात काहीतरी निवडत होती. तिच्यासमोर बोलायचं नाही, हे ठरवलेलं त्याच्याने पाळवलं नाही.

"काका, बाबांची गाडी मिळाली."

कुठे मिळाली, असं कुणीही विचारलं असतं. काकांनी खिडकीवरची नजर काढली नाही.

"कुणी काढली वर?"

आईचे हात थांबले.

"कशातून वर, काका?"

 काका एखाद्या मोडलेल्या यंत्राबद्दल सांगावं तसं सगळं ओळीने सांगत गेले. मिस्त्रीच्या बापाला गॅरेजमधला आपला वाटा विकून बायकोपोरासह दुसऱ्या गावी जायचं होतं. दोघं भाऊ खाणीवर पोहायला गेले होते, तिथे शब्दाला शब्द वाढला. बापाचा पाय घसरला, डोकं दगडावर आपटलं. पाण्यातून त्याने हात वर केला होता. काकांनी तो धरला नाही. धरता आला असता. मग काठावरची गाडीही त्यांनी ढकलून दिली, कारण गाडी वर राहिली असती तर लोकांनी माणसाचा शोध घेतला असता.

"गाडी त्याच्याबरोबरच गेली," काका म्हणाले. "बुडताना मी पाहिली. ती कोण काढणार?"

मिस्त्रीला गाडीचं सुचतच नव्हतं. पाठीवरून फिरणारा तो हात त्याला आता पाठीवर जाणवत होता. त्याच हाताने पाना धरायला शिकवलं होतं. तो हात तोडून टाकावा, का स्वतःची पाठ सोलून काढावी, हे त्याला कळेना.

"मग मागे वळून बघितलं नाही, हे का सांगितलंत?" त्याने विचारलं. "निघून गेला एवढं सांगून भागलं असतं की."

"तू फार विचारायचास, बाळ्या," काका म्हणाले. "विचारणं थांबावं म्हणून."

 आईने मांडीवरचं ताट खाली ठेवलं. थोड्या वेळाने काकांनी सवयीने तिच्याकडे पाणी मागितलं. इतकी वर्षं तो तांब्या तिनेच भरला होता. ती जागची हलली नाही.

मिस्त्री पोलिसांकडे गेला. बापाची गाडी भंगारात मिळाली आणि गॅरेजात उभी आहे हे त्याने सांगितलं, तिच्यातल्या पाण्याबद्दल मात्र नाही. बाकी काकांनी जे सांगितलं तेवढंच त्याने सांगितलं. काकांनीही ते नाकारलं नाही. त्यांना घेऊन गेले तेव्हा आई आतच होती. काका दारात थांबून वळले, पण त्यांना बघायला तिथे कुणी नव्हतं.

खाणीवर पंप बसले. दिवसचे दिवस पाणी उपसणं चाललं. तळ दिसू लागला तशी मिस्त्रीला बोलावणं आलं. वेल्डर त्याला आपल्या टेम्पोतून घेऊन गेला.

हाडं एका कापडावर मांडून ठेवली होती. त्याने ती पाहिली. बापावरचा राग कुठे ठेवावा, हे त्याला समजेना. सबंध आयुष्य ज्याच्यावर राग धरला, तो माणूस इथे खाली हात वर करून पडलेला होता.

फौजदार म्हणाले, अजून एक ओळख पटवायची आहे, आणि त्याला चिखलातून पुढे घेऊन गेले.

साखळीने ओढून काढलेली मोटारसायकल आडवी पडली होती. चाकांच्या आऱ्यांत शेवाळ होतं, टाकी गंजून फाटलेली होती. शिपायाने पाटीवरचा गाळ पुसला.

तोच नंबर.

"ही तुमच्या वडिलांची?" फौजदारांनी विचारलं.

"हो."

"मग तुमच्या गॅरेजात आहे ती?"

मिस्त्रीने खिसा चाचपला. गॅरेजला कुलूप होतं; चावी त्याच्या खिशात होती. फौजदारांनी तिकडच्या शिपायाला फोन लावला. त्याने शटरच्या फटीतून पाहून सांगितलं, आहे की गाडी, जागेवरच उभी आहे.

वेल्डरने मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला. मिस्त्री खाली बसला. गाडी समोर आली की पहिल्यांदा जे करायची सवय होती तेच त्याने केलं. इंजिनवरचा चिखल बाजूला सारून सिलेंडरवर तळवा टेकला.

आणि झटकन मागे घेतला.

"काय झालं?" फौजदार म्हणाले. "धार लागली?"

मिस्त्रीने तळवा उघडून पाहिला. मधोमध कातडी लाल झाली होती आणि फोड वर येऊ लागला होता.