केस प्रत्यक्ष पाहावे लागतील

“लग्नाला नऊवारी नेसणार आहे. खोपा घातला तर नाक मोठं दिसेल का हो, शैलाताई?”

“नाक तुझं आहे बाई, खोप्याचं नाही. खोपा जरा खाली घाल, मानेपाशी, आणि कानावरच्या दोन बटा मोकळ्या सोड. मग नाकाकडे बघायला कुणाला सवड होणार नाही.”

केतकीने पडद्यावरच्या उत्तरापुढे बरोबरची खूण केली आणि चहाचा घोट घेतला. रोज सकाळी कॉलेजच्या ग्रंथालयात जाण्यापूर्वी अशी चाळीस उत्तरं तिच्याकडे येत. ती आईच्या तोंडी शोभतात की नाही एवढंच तिने पाहायचं होतं. बहुतेक वेळा शोभत. आई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि आई रोज लाखभर घरांत कुठल्या काठाला कुठला ब्लाऊज लावायचा ते सांगत होती. केतकीच्या घरात मात्र तो आरसा नव्हता.

आरसा पुण्याच्या एका कंपनीने काढला होता. काचेमागे बारीक डोळा आणि बोलायला आवाज. समोर उभं राहायचं आणि विचारायचं. उत्तरं आणि आवाज केतकीच्या आईचा, शैलजा तारळेकरांचा. मिरजेत त्यांचं छोटं पार्लर होतं आणि एका स्थानिक दैनिकात त्या एकतीस वर्षं दर रविवारी बायकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होत्या. यंत्राला शिकवायला जोड्या लागतात : हा प्रश्न, हे त्याचं उत्तर. अशा हजारो जोड्या पचवल्या की कधीच न विचारलेल्या प्रश्नालाही ते त्या माणसासारखं उत्तर देतं. जोड्या केतकीने लावल्या होत्या. ब्लाऊजपीसच्या खोक्यांमध्ये भरलेली नऊ हजार पत्रं आणि रविवारची कात्रणं. आवाज आईने दिला, अकरा दुपारी बसून, उपचारांनी केस गेलेल्या डोक्याला सुती रुमाल बांधून.

करारावर सही करताना आई म्हणाली होती, “केस बघितल्याशिवाय सांगू नये, एवढं त्याला शिकवा.”

केतकी हसली होती. “अगं आई, आरसा आहे तो. तो बघतोच की.”

आईने सही केली. ती हसली नव्हती, हे केतकीला नंतर आठवलं.

नाव-पत्ता कुणाचाच केतकीपर्यंत येत नसे. फक्त जिल्हा आणि आरशाचा क्रमांक. तरी काही क्रमांक ओळखीचे होत. सांगली ४०७ हा त्यातला एक. ही बाई मोजकं विचारायची आणि प्रत्येक उत्तरानंतर “बरं ताई” म्हणायची. आरशाला बरं म्हणणाऱ्या बायका थोड्या असतात.

एप्रिलमध्ये तिने विचारलं होतं, “उन्हाळ्यात सोसवेल असा लांब बाह्यांचा ब्लाऊज कशाचा शिवावा? बाह्या मनगटापर्यंत हव्यात.” आरशाने मलमल सुचवली, अस्तर नको म्हणाला. केतकीने खूण केली.

जूनमध्ये : “भांग डावीकडून उजवीकडे कसा न्यावा? कपाळाची कड झाकली पाहिजे.” आरसा म्हणाला, “केस ओले असताना नवा भांग पाड आणि तीन दिवस चाप लावून ठेव. केसांना नवी वाट अंगवळणी पडते. कानाजवळच्या निळसर डागावर आधी नारिंगी छटेचा पातळ थर दे, मग तुझ्या रंगाचा. काही दिसणार नाही.” उत्तर चोख होतं. निळ्यावर नारिंगी, हे आई नवऱ्यामुलींच्या डोळ्यांखाली करायची. केतकीने खूण केली.

ऑगस्टमध्ये : “केस किती बारीक कापले म्हणजे मुठीत येत नाहीत?”

तान्हं मूल असेल, केतकीला वाटलं. अंगावर पिणारी मुलं मूठ आवळून आईचे केस ओढतात, तिच्या मावसबहिणीने त्याच पायी वेणी उतरवली होती. आरशाने सांगितलं होतं, “दोन बोटांच्या जाडीएवढे ठेव. मान उंच दिसेल, तुझ्या चेहऱ्याला शोभेल.” पुढे नेहमीप्रमाणे, “बरं ताई.”

केतकीने खूण केली.

सप्टेंबरात वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी मालनमावशी पार्लरची खुर्ची न्यायला आली. अठरा वर्षं ती आईच्या हाताखाली होती. आता तिचं मालगावात स्वतःचं दुकान होतं.

“खुर्ची नको आता,” पार्लरमध्ये शिरताच ती म्हणाली. “हितंच ऱ्हाऊ दे. नेली तर ताई सपनात येऊन म्हणतील, मालन, एक पाय डुगडुगतोय, आधी तो बघ.”

“डुगडुगतोच तो.”

“म्हायतंय. अठरा वर्सं मीच घडी घालून कागूद लावत हुते.”

केतकी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. कोपऱ्यात यंत्रासाठी न घेतलेल्या पत्रांचं खोकं होतं, त्यातला एक कागद तिने पायाखाली घालायला उचलला. त्याला अंबाड्यात खोचतात तो काळा आकडा अडकवलेला होता. तिने तो ओढून काढला.

“आकडा काढू नकोस!” मालनमावशीचा आवाज एकदम चढला. “मंगळवारची हाय ती.”

“मंगळवारची?”

“तुला ताईंनी कधी सांगितलं न्हाई?”

खोक्यातली सगळीच पत्रं आकड्यांनी टाचलेली होती. एकाही पत्राच्या विषयावर आईचं छापील उत्तर सापडलं नव्हतं. उत्तराविना प्रश्न यंत्राच्या उपयोगाचा नाही, म्हणून केतकीने ती बाजूला ठेवली होती. काही आकडे गंजून कागदावर तांबडी रेघ उमटली होती. मालनमावशीने खोक्यात हात घालून एक पत्र चाचपत काढलं आणि न उघडता मांडीवर ठेवलं.

“ह्ये माझं. ‘मानेमागं केस तुटल्यात, कुठलं तेल लावू?’ असं लिवलं हुतं. रविवारी पेपरात आलं : मा. प., केस प्रत्यक्ष पाहावे लागतील, मंगळवारी दुपारी या. नवऱ्यानंच वाचून दाखवलं मला. त्याला काय कळणार? केस बघायला बोलवलंय.”

मंगळवार पार्लरचा सुटीचा दिवस. त्या दुपारी शटर अर्धं खाली असायचं आणि केतकीला शाळेतून परस्पर शिकवणीला पाठवलं जायचं. आई हिशेब करत बसते, असं तिला वाटायचं.

ते वाक्य तिच्या चांगलं ओळखीचं होतं. केस प्रत्यक्ष पाहावे लागतील. कात्रणांत ते दोनशे त्रेसष्ट वेळा आलं होतं, प्रत्येक वेळी फक्त आद्याक्षरांपुढे. कंपनीच्या निमिषने विचारलं होतं, ही उत्तरं वगळू या का, त्यांत माहिती काहीच नाही. केतकीनेच वगळा म्हणून सांगितलं होतं.

तिने पिशवीतून टॅब काढला आणि सांगली ४०७ चे तिन्ही प्रश्न, उत्तरांसकट, उघडून मालनमावशीपुढे धरले. मावशी सावकाश वाचत होती. वाचताना ओठ हलत होते. तिसऱ्या प्रश्नाशी ते थांबले.

“हिला बोलवलं का?”

“मला वाटलं, तान्हं मूल आहे.”

“तान्ह्याची मूठ कानापाशी निळं करती व्हय गं?” मावशीने टॅब परत दिला. “आधी बाह्या. मग भांग. केस कापायचं शेवटाला येतं. ताई म्हणायच्या, बाई केसावर आली की थांबायचं न्हाई, त्याच रविवारी छापायचं.”

केतकीने तिथूनच निमिषला फोन लावला.

“नाव-पत्ता नाहीये हो आपल्याकडे,” तो म्हणाला. “चेहरासुद्धा आरशातच राहतो. कुणाची माहिती साठवायची नाही, ही अट तुम्हीच घातली होती करारात.”

“मग पुढची नोंद बघा. तिने नंतर काही विचारलंय का?”

फोनमधून कळफलकाचा आवाज आला.

“एक प्रश्न आहे. नऊ दिवसांपूर्वीचा. वापराबद्दलचा आहे, म्हणून तुमच्याकडे तपासायला आला नसेल. आवाज पुरुषाचा आहे.”

“काय विचारलंय?”

“‘आरशातला आधीचा चेहरा कसा पुसायचा?’”

“आणि?”

“आरशाने सांगितलं, डाव्या कोपऱ्यातली खूण पाच सेकंद दाबून धरा.”

आईच्या आवाजात. केतकीने फोन ठेवला आणि पिशवी उचलली.

ती पोलीस चौकीत गेली. तिथल्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. कागदावर लिहिलं : सांगली जिल्हा, केस बारीक, वय माहीत नाही, नाव माहीत नाही. मग पेन थांबलं. “मॅडम, ती माहेरी निघून गेली असेल आणि नवरा आरसा विकत असेल, असंही असू शकतं ना?” असू शकतं, केतकी म्हणाली.

वगळलेली दोनशे त्रेसष्ट उत्तरं यंत्राला परत शिकवायला निमिष तयार नव्हता. “आरशाने ‘मला सांगता येत नाही’ म्हणायचं? लोक आरसे परत आणून देतील.”

“मग मी आईचा आवाज परत घेते.”

शेवटी सांगली आणि कोल्हापूर, दोन जिल्ह्यांपुरतं ठरलं. आकडे लावलेली पत्रं केतकीने एकेक करून वाचली. आठ दिवस लागले. प्रश्न सगळे साधे होते : बंद गळा, मोठी टिकली, कान झाकणारी वेणी, रंग न उतरणारा पदर. आता त्यांच्यापुढे उत्तर होतं, जोडी पुरी झाली होती.

नव्या शिकवणीच्या पहिल्या आठवड्यात आरशांनी ते वाक्य अठ्ठावन्न वेळा उच्चारलं. पार्लरचा पत्ता सांगितला आणि मंगळवारी दुपारी या म्हटलं.

“यंत्र अतिसावध झालंय,” निमिष म्हणाला. “इतक्या नसणार.”

केतकीने अठ्ठावन्न प्रश्न मागवून घेतले. त्यांतले छत्तीस तिच्याकडे पूर्वीही येऊन गेले होते, थोडे वेगळ्या शब्दांत. छत्तीसही ठिकाणी तिची बरोबरची खूण होती. ४०७ त्यांत नव्हता. तो आरसा महिनाभर कुणाशी बोललाच नव्हता.

मंगळवारी दोन वाजता तिने शटर अर्धं खाली ओढलं. मालनमावशीने खुर्चीच्या पायाखाली घडी घातली, तेलाची वाटी कोमट पाण्यात ठेवली.

“पहिल्यांदा काय विचारायची आई?” केतकीने विचारलं. ते कुठल्याच पत्रात लिहिलेलं नव्हतं.

“काई न्हाई. तेल लावायच्या. डोस्क्याला हात लागला की बाई आपणच बोलती. न्हाईतर रडती. न्हाईतर नुसतीच बसून जाती, मग पुढल्या मंगळवारी येती.”

“आणि नाही आली तर?”

मावशीने वाटीत बोट बुडवून पाहिलं. “ज्या आल्या न्हाईत त्यांची पत्रं ताईंनी खोक्याच्या तळाशी ठेवलीत. बघितली असशील तू.”

केतकीने ती बघितली होती. तेरा होती.

अडीच वाजले. तीन वाजले. सव्वातीनला शटरखालच्या फटीत दोन पाय येऊन थांबले. निळ्या पट्ट्याच्या चपला, टाचांना भेगा, एका पायात जोडवी आणि दुसऱ्या पायाच्या बोटावर नुसताच पांढरा वळ. पाय आत येत नव्हते, परतही फिरत नव्हते.

“या,” केतकी म्हणाली. तिचा आवाज आईसारखा होता असं लोक म्हणत. बाहेरचे पाय तो ऐकून अर्धं पाऊल मागे सरले, मग वाकून एक बाई आत आली.

पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला होता आणि हनुवटीखाली मुठीत घट्ट धरलेला. ती कुणाकडे न बघता खुर्चीत बसली.

“आरसा म्हणाला, केस बघावे लागतील,” ती म्हणाली.

“हो.”

“बरं ताई.”

केतकीने तेलाची वाटी हातात घेतली. असं म्हणणाऱ्या बायका सांगली जिल्ह्यात पुष्कळ असतील. ही ४०७ चीच असेल, दुसऱ्या कुणाच्या आरशापुढे उभी राहिलेली, तर ती जिवंत आहे. ही ती नसेल तर ही आणखी एक आहे, आणि ४०७ ची बाई कुठे आहे ते कोणता आरसा सांगणार? बाईची मूठ हळूहळू सैल होत होती. पदराखाली केस किती लांब असतील?