एकोणीस तारखेच्या साक्षी

नळदुर्गच्या बसस्टँडमागं दादामियाँचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, आणि दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांची लेक मिनाज. ती गावातल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची आणि उरलेल्या वेळात ‘हाक’ सांभाळायची. हाक म्हणजे तिनं स्वतः बनवलेलं सॉफ्टवेअर. आडगावात कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली की फोनवर एक बटण दाबायचं. आसपासच्या सगळ्या जीपवाल्यांना निरोप जातो, जो आधी उचलेल तो निघतो. एवढंच! पण लोहारा ते जळकोट या पट्ट्यात त्या एवढ्याशानं दोन वर्षांत कितीतरी माणसं वाचली होती.

अडचण अशी, की हाक चालायची ते सर्व्हर मशीन कॉलेजचं होतं, आणि कॉलेजला ते पंधरा तारखेला परत हवं होतं. मशीन गेलं की हाक बंद. वाट एकच होती, ‘मोकळा माळ’. मराठीत सॉफ्टवेअर करणाऱ्यांचा हा ऑनलाइन समूह. चार हजार माणसं, कुणी नांदेडचं, कुणी पार दुबईचं. दर वर्षी सॉफ्टवेअर वापरणारी कुणीही माणसं माळावर मतं देऊन एक सॉफ्टवेअर निवडायची. जे जिंकेल ते सगळा माळ पाच वर्षं सांभाळायचा. मिनाजला तो मान हवा होता. खोटं कशाला बोला, तिची झोप उडाली होती त्यापायी.

माळाची रीत मात्र कडक. नुसतं मत चालत नसे, सोबत साक्ष लागायची. नाव, गाव, तारीख, वेळ, आणि सॉफ्टवेअरनं तुमचं काय काम केलं ते दोन ओळींत. साक्ष आली की मिनाजच्या फोनवर दिसायची, आणि ती तपासायचे पंच. या जिल्ह्याचे पंच अमरनाथ काका, लोहारा बसस्टँडचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. तीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहिलेला माणूस. तारीख एका दिवसानं चुकली तरी मत बाद!

बारा तारखेला सकाळी ‘अक्षता’ चाळीस मतांनी पुढं होतं. लग्नपत्रिका बनवायचं सॉफ्टवेअर ते, आणि लग्नसराई ऐन भरात. मग काय विचारता. मतदान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपणार होतं. मिनाजची आशा सुटल्यात जमा होती.

दुपारी एकाएकी साक्षी यायला लागल्या. एक, चार, अकरा. तासाभरात चव्वेचाळीस. सगळ्या लोहाऱ्याकडच्या निंबळवाडीच्या, आणि सगळ्यांचा मजकूर साधारण एकच. ‘पोटात आग पडली, चक्कर आली. हाक दिली. जीपा आल्या. सगळे वाचले.’ मिनाज खुर्चीतून उठलीच. मग तिनं तारीख बघितली.

एकोणीस. याच महिन्याची.

तेवढ्यात काकांचा फोन आला.

“काका, दिवस न् महिना उलटा पडला आसंल फॉर्ममधी,” ती घाईनं म्हणाली.

“एकोणिसावा महिना कुठं आसतो का पोरी?” काका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “म्या एका नंबरावर फोन लावला. गिरिजाबाई म्हणून बाई हुती. मत दिलं का इचारलं, तर व्हय म्हणाली. तारीख इचारली, तर एकोणीस. म्हणलं, बाई, आज बारा हाय.”

“मग?”

“मग म्हणाली, तुमच्याकडं अजून बाराच हाय का?”

मिनाजच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण ती शास्त्र शिकलेली बाई. “काका, कुणीतरी चावटपणा केलाय. बाद करा ती मतं.”

“बाद केली तर तू हरतीस.”

“हरू द्या. घडलेल्या गोष्टीचीच साक्ष चालती.”

काकांनी चव्वेचाळीस मतं बाद केली, आणि मिनाजनं झाला प्रकार जसाच्या तसा माळावर लिहून टाकला. कुणी हसलं, कुणी तिलाच लबाड म्हटलं. जळकोटच्या साजिदनं मात्र वाचलं आणि त्याचं डोकंच फिरलं. साजिद जीप चालवायचा. हाकेवरनं त्यानं दोन वर्षांत तीसेक माणसं दवाखान्यात पोचवली होती. “खऱ्या साक्षी कमी हायत का आपल्याकडं?” असं म्हणत त्यानं सगळ्या जीपवाल्यांना कामाला लावलं. तेरा तारखेला दिवसभर जीपा गावोगाव फिरल्या. ज्यांना ज्यांना नेलं होतं त्यांची दारं वाजवली, जागच्या जागी साक्षी लिहून घेतल्या. बाळंतिणी, विंचू चावलेले, थ्रेशरमध्ये हात गेलेले. संध्याकाळी मतदान बंद झालं तेव्हा हाक सात मतांनी जिंकली होती. दादामियाँनी अख्ख्या बसस्टँडला चहा पाजला, आणि मिनाज भर रस्त्यात रडली! चौदाला माळानं हाक आपल्या मशीनवर हलवलीसुद्धा.

तरी चैन पडेना. ती आणि काका निंबळवाडीला जाऊन आले. गिरिजाबाई भेटली, पण तिच्याकडं साधा बटणाचा फोन. “मत? कसलं मत वो?” ती म्हणाली. पाण्यानंच पोटात आग पडणार, असं ठरवून काकांनी सरपंचाच्या मागं लागून गावची टाकी घासून घेतली. दोघं जरा निर्धास्त झाले.

एकोणीसला एकादशी निघाली. हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. गावानं बाजारातनं आणलेली भगर खाल्ली, आणि भगरीनं घात केला. दुपारी बाराला निंबळवाडीतनं पहिली हाक आली. पाठोपाठ पंधरा. साजिद आणि त्याचे गडी ती तारीख ध्यानात ठेवून सकाळपासनं फाट्यावर तयारच होते. सोळा जीपा धुरळा उडवत गावात शिरल्या.

साडेतीनला मिनाज लोहाऱ्याच्या दवाखान्यात पोचली. खाटा पुरल्या नव्हत्या, व्हरांड्यात गाद्या टाकल्या होत्या. काका हातात कागद घेऊन नावांवर खुणा करत होते.

“चव्वेचाळीस,” ते म्हणाले. “एकबी गेला न्हाय, पोरी. एकबी न्हाय!”

गिरिजाबाईनं सलाईन लावलेल्या हातानंच मिनाजचा गाल कुरवाळला. साजिद कोपऱ्यात उभा राहून ढसाढसा रडत होता. इतका आनंद मिनाजला जन्मात झाला नव्हता.

फोन थरथरला.

नवी साक्ष. मतदान बंद होऊन सहा दिवस झाले होते.

नाव अमरनाथ. गाव लोहारा. तारीख आजची, वेळ चार वाजून दहा मिनिटं. ‘छातीत कळ आली. म्या हाक दिली न्हाय. दवाखान्यातच हुतो, म्हणलं कशाला उगं.’

सगळे वाचले, ही ओळ नव्हती.

भिंतीवरच्या घड्याळात चारला पाच कमी होते.

“काका, हात का चोळताय?”

“काय न्हाय गं. अवघडलाय जरा.”

“डॉक्टर!” मिनाज किंचाळली. “डॉक्टर, इकडं या!”

काका नको नको म्हणत असतानाच तिनं त्यांना खाटेवर ढकललं. डॉक्टर धावले. छातीवर ईसीजीच्या पट्ट्या लागल्या, सुई टोचली. चार वाजून दहा मिनिटांनी काकांचा चेहरा पांढराफटक पडला, आणि वीस मिनिटांनी पुन्हा रंग आला. “उशीर झाला असता तर हाती लागले नसते,” डॉक्टर घाम पुसत म्हणाले. काका क्षीण हसले. पंचेचाळीस!

मिनाजनं व्हरांड्यात येऊन फोन उघडला. काकांची साक्ष तिथं नव्हती.

तिच्या जागी दुसऱ्या आल्या होत्या. ती बघत असताना आणखी येत होत्या. शंभर, एकशे सत्तर, तीनशे. तारखा तिनं वाचल्या नाहीत. गाव सगळ्यांचं नळदुर्ग होतं, ‘सगळे वाचले’ कुठंच दिसत नव्हतं, आणि सगळ्यात वरच्या साक्षीत नाव होतं दादामियाँचं.

ती ओळ फक्त दोन शब्दांची होती. ‘मिनाज कुठंय?’