मंजुळेचा टाक

ही गोष्ट माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या बाबतीत घडली. खोटी वाटली तर वाटू द्या. मी सोनार आहे, आमच्या शब्दावर तसाही कुणी चटकन विश्वास ठेवत नाही. पण यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे.

साल एकोणीसशे छप्पन. माघ महिना. चाकणजवळचं एक गाव. नाव सांगत नाही, कारण त्या घरातली माणसं अजून आहेत. घर मात्र नाही. तिथे आता एका कंपनीचं पार्किंग झालंय.

आणि वेळ रात्रीची नव्हती.

भर दुपार होती...

गावातल्या हिंदुरावांनी दुसरं लग्न केलं होतं. पहिली बायको मंजुळा बाळंतपणात गेली. बाळही गेलं. अशा वेळी नव्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा टाक घालायची पद्धत होती. टाक म्हणजे सोन्याच्या पत्र्यावर उठवलेली बाईची छोटी आकृती. पहिलीने दुसरीच्या संसारात आडवं येऊ नये, एवढ्यासाठी.

मंजुळेच्याच बुगड्या आटवून तो टाक करायचा होता.

हिंदुरावांची आई छबूबाई महासंशयी. सोनं दुकानात न्यायचं नाही, घरातच घडवायचं, असं तिने बजावलं. अण्णांना तिने माजघरालगतच्या एका खोलीत नेलं.

"हितं बसा. आमी भाईरनं कडी लावतो. झालं की हाक मारा."

"आजी, कोळसा पेटवायचाय. दार उघडं पाहिजे."

"सोनाराला उघड्या दारात बसवू व्हय? उद्या म्हणाल, मांजरानं नेलं!"

अण्णा वरमले. त्या गावातली सगळी कामं याच घराच्या शब्दावर मिळत. शिवाय काम छोटं होतं. पटकन उरकू, असं त्यांनी ठरवलं.

कडी लागली.

खोलीत खिडकी नव्हती. उंचावर एक झरोका होता, पण तो शेणामातीने पार लिंपलेला. कोपऱ्यात एक बाज उभी करून ठेवलेली. आणि वास... शेपा, वेखंड, धुरी.

बाळंतिणीची खोली.

अण्णांच्या मनात चर्र झालं. पण आता काय करणार? त्यांनी शेगडी पेटवली. बुगड्या मुशीत टाकल्या, सोनं नीट वितळावं म्हणून वर टाकणखार भुरभुरला, मूस निखाऱ्यांत बसवली आणि फुंकणी तोंडाला लावली. गाल फुगवून सावकाश, एकसारखी फुंकर घालायची असते. निखारे लाल झाले. सोनं वितळून मुशीत डुलायला लागलं.

दम घ्यायला अण्णांनी फुंकणी खाली ठेवली.

निखारे फुलतच राहिले...

अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. वारा कुठून येणार? शेगडीच्या वरचा धूरसुद्धा हलत नव्हता.

मग ऐकू आलं...

बाजेच्या मागून कुणीतरी श्वास घेत होतं. लांब, ओढून ओढून. श्वास सुटला की निखारे लाल होत. श्वास आत गेला की काळवंडत.

अण्णांनी बाजेमागे वाकून पाहिलं. कुणी नव्हतं.

त्यांनी देवाचं नाव घेतलं, सोनं ओतलं आणि ठोकायला सुरुवात केली. ठोकण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं, तेवढाच आधार. पत्रा झाला. तो लाखेवर बसवून त्यांनी बारीक छिन्नीने आकृती उठवली. हात, पदर, डोळे, नाक. तोंड म्हणजे फक्त एक आडवी रेघ.

पत्रा निखाऱ्यांच्या उजेडाकडे धरला...

तोंड उघडं होतं.

बुडता माणूस पाण्यातून वर आल्यावर तोंड उघडतो तसं.

अण्णांनी छिन्नीने ते दाबून बुजवलं. रेघ केली. पुन्हा पाहिलं. पुन्हा उघडं.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, आपल्यालाही श्वास पुरत नाहीये. डोकं जड झालं होतं. ते कसेबसे दारापाशी गेले.

"आजी! कडी काढा!"

बाहेर जात्याची घरघर चालू होती. बायका हसत होत्या. अण्णांना सगळं ऐकू येत होतं. त्यांचं मात्र कुणालाच ऐकू जात नव्हतं. त्यांनी दारावर हात आपटला.

आवाजच आला नाही...

पुन्हा आपटला, जीव खाऊन. हात झोंबला. आवाज नाही.

अण्णा दाराशी खाली घसरले. तिथे, बसलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, लाकडावर नखांचे ओरखडे होते. खूप.

आणि त्या ओरखड्यांवर...

थप.

थप. थप.

अण्णांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते.

बाहेर जातं थांबलं. हसणं थांबलं. मग छबूबाईचा आवाज आला, थरथरता.

"शालन, मागं फीर! उघडू नको!"

"आत्याबाई, आत मानूस हाय!"

"न्हाई! तवा बी असंच वाजलं व्हतं. पाचवीची रात व्हती, म्याच भाईरनं कडी लावली व्हती. मला वाटलं सटवाई आली, म्हून म्या उघडलं न्हाई..."

अण्णा सांगायचे, हे ऐकलं आणि त्यांची भीतीच गेली. फक्त रडू आलं. चार पावलांवर सासू बसलेली, आणि आत ती ओली बाळंतीण शेगडीच्या धुरात, लेकराला घेऊन, दार वाजवत राहिलेली.

कडी खाड्कन निघाली.

नव्या सुनेने, शालनने, सासूचा हात झिडकारून दार उघडलं होतं. अण्णा उंबऱ्यावर कोसळले. गार हवा छातीत शिरली. शालनने त्यांच्या तोंडावर पाणी मारलं. मग त्यांच्या पलीकडे, खोलीत, ती बघत राहिली.

"सोनारदादा, तुमी असे पडलेले... मग वाजवत कोन व्हतं? ती बाई कुठं गेली?"

"कोणती बाई?"

"कडी काढली तवा माझ्या अंगावरनं भाईर गेली की!"

माझा भाचा डॉक्टर आहे. तो म्हणतो, कोळशाचा धूर डोक्यात गेला की भास होतात. होत असतील. पण शालनबाई तर दाराबाहेर होत्या.

तो टाक त्यांनी पुढे कित्येक वर्षं गळ्यात घातला, तसाच, उघड्या तोंडाचा. त्या खोलीचं दार त्यांनी त्याच आठवड्यात काढून चुलीत घातलं. घरात तीन बाळंतपणं झाली, सगळी उघड्या पडवीत.

म्हातारपणी शालनबाई माझ्या दुकानात आल्या. टाक माझ्या हातावर ठेवला.

"माझ्या सुनांना हिचं काय कळनार? तूच ठेव. आटवू नको. आन् बाबा, हिला कुठं कोंडू नको."

मी हो म्हणालो. पण सोनाराची सवय. संध्याकाळी टाक तिजोरीत ठेवला आणि चावी फिरवली. दुकानाचं शटर ओढणार, तेवढ्यात मागून...

थप.

थप. थप.

आता टाक माझ्या गल्ल्याशेजारी, उघड्या वाटीत असतो. गिऱ्हाइकं हसतात. म्हणतात, सोनं असं उघड्यावर ठेवणारा सोनार पहिल्यांदाच पाहिला.

मीही हसतो. पण गर्दीचा दिवस असला, दुकानात माणूस मावेनासा झाला, की माझी नजर त्या वाटीकडे जाते. आणि मी उठून दार उघडतो.